एक दिवस दोघांचा, डोळे भरून रत्नागिरी

रत्नागिरी हे नाव आपल्या समाजात घराघरात माहीत आहे. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतून मुंबईला आलेल्या प्रत्येक कुटुंबाचा या शहराशी कधी ना कधी संबंध आलेला आहे. पण तो संबंध कसला? जातीचा दाखला पडताळायचा आहे, चला रत्नागिरीला. जमिनीच्या दाव्याची तारीख आहे, चला रत्नागिरीला. पोराची मुलाखत, म्हाताऱ्याच्या डोळ्याचे ऑपरेशन, कलेक्टर कचेरीवर मोर्चा, चला रत्नागिरीला. काम झाले की वडापाव खायचा, एस.टी. स्टँड गाठायचा आणि वस्तीची गाडी पकडून गावाला परतायचे. शहराला लागून समुद्र आहे हे ठाऊक असते. पण त्या समुद्राकडे दोन घटका बघत बसावे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

माझ्या आईचेच उदाहरण देते. आई लांजा तालुक्यातली. जमिनीच्या कागदांसाठी आणि वडिलांच्या आजारपणात ती पंधरा-वीस वेळा तरी रत्नागिरीला गेली असेल. पण मांडवीच्या किनाऱ्यावर ती एकदाही उभी राहिली नाही. थिबा राजवाडा तर तिने नुसता ऐकला. फिरायला जाणे हे पैसेवाल्यांचे काम, आपण कामापुरते जायचे, असे तिला वाटे. असे वाटणाऱ्या आयाबहिणी आपल्यात आजही पुष्कळ आहेत.

म्हणून या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी ठरवले, की एक दिवस रत्नागिरीला जायचे आणि कोणतेही काम न घेता जायचे. यांची कारखान्यातली तीस वर्षांची नोकरी संपली आहे. मी दोन घरच्या पोळ्याभाजीची कामे करते. मुले आपापल्या संसाराला लागली. लग्न झाल्यापासून आम्ही दोघेच असे कुठे गेलोच नव्हतो. गेलो ते लग्नाला, मयताला, जयंतीला आणि चैत्यभूमीला.

हिवाळाच का निवडला?

कोकणात पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नाही. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन झाले, २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन झाला, की पुढचे दिवस निवांत असतात. रत्नागिरीत थंडी बोचरी नसते. पहाटे अंगावर शाल लागते आणि दहा वाजता ती पिशवीत जाते. आंब्याला मोहोर येऊ लागलेला असतो. फळ मिळत नाही, पण वास मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

जायला दोन वाटा आहेत. एस.टी.ने मुंबई-गोवा महामार्गावरून गेलात तर वाटेत महाड लागते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जिथे ओंजळभर पाणी घेतले, ते चवदार तळे याच महाडात आहे. आम्ही मात्र रात्रीची कोकणकन्या गाडी धरली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आपल्या माणसांचे हाल कमी झाले. त्याआधी एस.टी.चे धक्के होते आणि त्याच्याही आधी बोटी होत्या. आमच्या सासऱ्यांचे वडील गिरणीत कामाला गेले ते रत्नागिरीच्या बंदरातून बोटीत बसूनच. आता गाडी रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते आणि प्रवासी झोपेत असताना डोंगर ओलांडला जातो.

रेल्वे स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून रिक्षा मिळते, एस.टी.च्या शहरी बसही मिळतात. रिक्षावाल्या दादांशी भाडे आधीच बोलून घ्यावे, म्हणजे मन शांत राहते.

सकाळ बंदरावर

मारुती मंदिर नाक्याजवळ गरम घावणे, चटणी आणि चहा घेऊन आम्ही आधी मिरकरवाड्याला गेलो. मिरकरवाडा हे महाराष्ट्रातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. सकाळी बोटी लागलेल्या असतात, पाट्यांतून मासळी उतरते, बर्फ फोडण्याचा आवाज येत असतो आणि लिलावाची बोली चढत असते. हिंदू खारवी आणि दालदी मुसलमान यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत या बंदरात आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा हा सारा गजबजाट थांबतो. हिवाळ्यात बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी भरपूर दिसते. आम्ही विकत काही घेतले नाही, कारण दिवसभर मासळी घेऊन कुठे फिरणार? पण पाटी डोक्यावर घेऊन पळणारी बाई बघितली आणि मला आपल्या समाजातल्या, पहाटे चारला उठून कामाला लागणाऱ्या बायकाच आठवल्या.

बंदराच्या वरच रत्नदुर्ग आहे. लोक त्याला भगवतीचा किल्ला म्हणतात. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात शिरला आहे. चढण फारशी नाही. आमच्यासारख्या साठीतल्या माणसांनाही बसत-उठत जमते. आत भगवतीचे देऊळ आहे, टोकाला दीपगृह आहे. आपण देवळासाठी जात नाही, पण तटावरून जे दिसते ते सर्वांचे आहे. खाली मिरकरवाड्याच्या बोटी खेळण्यासारख्या दिसतात. एका अंगाला काळ्या रेतीचा किनारा आणि दुसऱ्या अंगाला पांढऱ्या रेतीचा. एकाच शहराचे दोन समुद्र, एक ‘काळा’ आणि एक ‘पांढरा’. पाणी मात्र दोन्हीकडे तेच! हे म्हणाले, “बघ, रंग वाळूचा आहे, समुद्राला जात नाही.” यांना असे बोलायची सवय आहे, पण त्या दिवशी मला ते पटले.

काळ्या रेतीचे कारणही सांगून ठेवते, कारण नातवंडे विचारतात. या वाळूत इल्मेनाइट नावाचे जड आणि काळे खनिज मिसळलेले आहे. अंधश्रद्धेच्या पुष्कळ गोष्टी लोक सांगतील, पण खरे कारण हे आहे.

किल्ल्याच्या वाटेवर पेठकिल्ला भागात कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि मत्स्यालय आहे. मुलांना बरोबर नेणार असाल तर हे चुकवू नका. काचेच्या पेट्यांतून समुद्रातले जिवंत जीव बघायला मिळतात. शिवाय ५० फुटांहून लांब असा देवमाशाचा सांगाडा इथे ठेवला आहे. पुस्तकात वाचलेला देवमासा आणि समोर उभी असलेली त्याची हाडे यांत फार फरक आहे. एवढा मोठा जीव मासा नव्हे, तो सस्तन प्राणी, तो पिल्लांना दूध पाजतो, हे तिथे उभे राहून पोरांना सांगितले तर ती जन्मभर विसरणार नाहीत.

गरम जेवण, समोरासमोर

दुपारी एका साध्या खाणावळीत शिरलो. मोठ्या हॉटेलची गरज नसते. जिथे रिक्षावाले आणि कचेरीतले शिपाई जेवतात, तिथे मासळी ताजी असते, हा आमचा अनुभव आहे. ताटात तळलेल्या सुरमईची तुकडी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी, भात आणि वाटीभर सोलकढी होती. सोलकढी म्हणजे नारळाचे दूध आणि कोकमाचे आगळ, वर लसूण-मिरचीची चव. मासळीचे जेवण जड होऊ नये म्हणून ती शेवटी घ्यावी.

मुंबईत वाढलेल्या सुनांना तिरफळ ठाऊक नसते, म्हणून चार ओळीत सांगते. ओले खोबरे, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, थोडे धणे आणि हळद बारीक वाटावे. वाटण पाण्यात सैल करून त्यात बांगड्याचे तुकडे, मीठ आणि तीन-चार कोकमे घालावीत. सात-आठ तिरफळे, आतले काळे बी काढून आणि किंचित ठेचून, त्यात टाकावीत. फोडणी नको. मंद आचेवर शिजवावे आणि डाव फार फिरवू नये, नाहीतर मासा मोडतो. तिरफळ चावायचे नसते, ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचे.

पण त्या जेवणाची खरी चव मला दुसऱ्याच कारणाने लागली. घरात बाई शेवटी जेवते. सगळ्यांना वाढून झाल्यावर, थंड भाकरी आणि तळाचे कालवण घेऊन. त्या दिवशी आम्ही दोघे समोरासमोर बसलो आणि दोघांच्या ताटात एकाच वेळी वाफाळलेला भात पडला. यांनी आपल्या ताटातली सुरमईची मधली तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली. मी म्हटले, “अहो, तुम्ही खा.” हे म्हणाले, “पस्तीस वर्षे तू ठेवलीस. आज मी ठेवतो.” समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेब सांगत. ही मोजणी सभेत होते तशी जेवणाच्या ताटावरही होते, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. आमचे सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी बाजाराच्या गावी चहा मिळे तो दुकानाबाहेर, करवंटीतून किंवा कान तुटलेल्या कपातून, आणि तो कपही आपणच विसळून कोपऱ्यात उपडा ठेवायचा. आज त्याच जिल्ह्यात आम्ही टेबलाशी बसून मागवतो आणि वाढणारा “काका, अजून भात?” म्हणून विचारतो. हे आपोआप झालेले नाही. त्यासाठी कुणीतरी तळ्यावर लाठ्या खाल्ल्या आहेत. म्हणून आपण बाहेर जाऊन ताठ मानेने बसून जेवणे ही नुसती चैन नव्हे. मिळवलेला हक्क वापरला नाही तर तो गंजतो.

थिबा राजवाडा : बौद्ध राजाची बंदिशाळा

दुपार राजवाड्यासाठी ठेवावी. तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे आणि ते संध्याकाळपर्यंत उघडे राहत नाही. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार टाळावा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. त्याचे वडील मिंडॉन राजे यांनी १८७१ साली मंडाले येथे पाचवी बौद्ध धम्मसंगीती भरवली होती. त्यांनी संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. थिबा स्वतः विहारात शिकलेला आणि धम्मग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. १८७८ साली तो गादीवर आला. १८८५ साली सागवानाच्या लाकडावरून तंटा निघाला. ‘बॉम्बे बर्मा’ या इंग्रजी कंपनीला राजदरबाराने दंड ठोकला. ते निमित्त करून इंग्रजांनी स्वारी केली आणि नोव्हेंबर महिन्यातच मंडाले पडले. राजा-राणीला आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला आणले. त्या वेळी राजाचे वय होते २७.

इंग्रजांची रीत पाहा. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवले, तो १८६२ साली तिथेच मेला. ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीत आणून ठेवले. पुढे याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात ठेवले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेत! टिळकांचे जन्मघर शहरात टिळक आळीत जपून ठेवले आहे.

राजवाडा १९१० साली राहण्यायोग्य झाला. जांभ्या दगडाचा रंग, उतरती कौलारू छपरे, अर्धगोल नक्षीदार लाकडी खिडक्या आणि खालचे मोठे दालन. बघताना डोळे निवतात. पण हिशेब केला तर मन खिन्न होते. राजाने रत्नागिरीत ३० वर्षे काढली, त्यातली २४ वर्षे आधीच्या बंगल्यांत आणि जेमतेम ६ वर्षे या राजवाड्यात. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. मंडाले त्याने पुन्हा पाहिले नाही. जवळच थिबा पॉइंट आहे. तिथून खाली भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडे समुद्र दिसतो. राजा याच समुद्राकडे बघत बसे, असे लोक सांगतात. आम्हीही तिथे बराच वेळ बसलो. आमच्याकडे परतीचे तिकीट होते, त्याच्याकडे नव्हते.

राजकन्यांची कथा

आपल्या बायाबापड्यांनी खरे तर राजकन्यांची कथा ऐकावी. राजाला चार मुली होत्या. राजघराण्याच्या तोलामोलाचे स्थळ रत्नागिरीत कुठून मिळणार? रक्त शुद्ध राहिले पाहिजे, या हट्टापायी राजा हयात असेपर्यंत मुलींची लग्ने झाली नाहीत. शिक्षणही त्यांना फारसे मिळाले नाही. चार भिंतींच्या आत त्यांचे तारुण्य गेले. थोरल्या राजकन्येचे मन राजाच्या घरचा दरवान गोपाळ सावंत याच्यावर बसले. तो आधीच लग्नाचा होता. त्यांना १९०६ साली मुलगी झाली, तिचे नाव टूटू.

राजाच्या मृत्यूनंतर १९१९ साली राणी सुपयालत मुलींसह ब्रह्मदेशात परत गेली आणि १९२५ साली रंगूनला वारली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली आणि १९४७ साली इथेच गेली. टूटूने शंकर पवार यांच्याशी संसार केला. ती मराठी बोलली, रत्नागिरीच्या बायकांत मिसळली, गरिबीत मुले वाढवली आणि २००० साली वारली. त्रिपिटक शिळांवर कोरणाऱ्या राजाची पणती आपल्यासारखीच लुगडे नेसून, चूल फुंकून जगली.

ही कथा ऐकून कुणी म्हणेल, केवढी अधोगती! मला तसे वाटले नाही. टूटूने कष्ट केले, त्यात कमीपणा कसला? दुःख याचे वाटते, की थोरल्या राजकन्येला शाळा मिळाली नाही, स्वतःच्या पायावर उभे राहायची विद्या मिळाली नाही. मोती-माणके होती, ती विकून संपली. विद्या असती तर ती संपली नसती. आपल्या घरात एखादी मुलगी दहावीनंतर घरी बसवायचा विचार चालू असेल, तर तिच्या बापाला थिबा राजवाड्याची एक फेरी घडवून आणावी.

राजा बौद्ध होता, म्हणजे?

राजवाड्यात फिरताना छाती भरून येते. रत्नागिरीच्या मातीत एक बौद्ध राजा राहून गेला! तेही आपल्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी. हा अभिमान रास्त आहे. पण इतिहास अर्धा सांगू नये. थिबा गादीवर आल्यावर १८७९ साली राजघराण्यातल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली, गादीला वाटेकरी राहू नयेत म्हणून. ती राणीच्या आईने आणि दरबाऱ्यांनी घडवली असे म्हणतात, पण राज्य थिबाचे होते. धम्मग्रंथांची परीक्षा दिलेल्या राजाच्या राज्यात पहिलेच शील मोडले गेले.

बौद्ध घरात जन्म झाला, दाराला पंचशील ध्वज लावला, म्हणून कुणी बौद्ध होत नाही. आचरणाने होतो. आपण १९५६ साली धम्म स्वीकारला तो जन्माने मिळालेला नव्हता, समजून-उमजून घेतलेला होता. रत्नागिरीचा थिबा आपल्याला दोन्ही गोष्टी सांगतो. परक्या सत्तेने लादलेल्या अन्यायाबद्दल त्याच्याविषयी करुणा वाटावी, आणि गादीच्या लोभाने काय होते त्यापासून धडाही घ्यावा.

शिवाजीनगर भागात राजाची समाधी आहे. राजाला आणि त्याच्या धाकट्या राणीला १९१९ साली तिथे ठेवण्यात आले. भोवती साधी वस्ती आहे, इमारती आहेत. विचारत विचारत जावे लागते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीच्या दर्शनाला रत्नागिरीत आले होते. आम्ही दोन फुले वाहिली आणि हलक्या आवाजात त्रिसरण म्हटले. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत होते, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. सगळे राजेपण संपल्यावर माणसाजवळ शेवटी शेजारीच उरतात.

ब्रह्मदेशाशी आपले नाते राजापुरते नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी देहूरोडला प्रतिष्ठापना केली. ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदी म्हणून आला, पण तिथली बुद्धमूर्ती आपल्याकडे मैत्री म्हणून आली. यातले कोणते येणे टिकले, ते आपण पाहतोच आहोत.

शहरात पतितपावन मंदिरही आहे. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले हे मंदिर १९३१ साली सर्व जातींसाठी खुले झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. तिथे पाच वर्षे दार उघडले नाही आणि १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. देवळाचे दार उघडणे आणि माणसाचे मन उघडणे यातला फरक त्यांनी ओळखला. आम्ही मंदिर बाहेरून पाहिले आणि पुढे गेलो.

संध्याकाळ मांडवीवर

हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून साडेपाचलाच मांडवी गाठावी. धक्क्यावर कमान आहे, तिला हौसेने ‘रत्नागिरीचा गेट वे’ म्हणतात. भेळ, उकडलेल्या शेंगा, शहाळे मिळते. आम्ही एक भेळ दोघांत घेतली. पोरे काळ्या रेतीत पळत होती, बुरखा घातलेल्या बाया आणि नऊवारीतल्या आज्या एकाच कठड्यावर बसल्या होत्या. कोणी कोणाला जात विचारत नव्हते. सूर्य गेला तसा किल्ल्यावरचा दिवा लुकलुकू लागला. पाण्यात उतरायचा मोह झाला तरी घोट्याच्या वर जाऊ नये. ओळख नसलेल्या समुद्राशी मस्करी करू नये.

मला आईची आठवण आली. रडू आले नाही, बरे वाटले. तिने पाहायचे राहिलेले मी पाहत होते.

परतताना बाजारात आमसुले, आगळ, कुळथाचे पीठ, फणसपोळी आणि थोडे सोडे घेतले. सुके मासे जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा बांधून घ्यावेत, नाहीतर डब्यातले सहप्रवासी शिव्या देतात! रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी घरी आलो.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

खर्च किती आला, असे शेजारणींनी विचारले. गाडीचे साध्या डब्याचे तिकीट, दिवसभराची रिक्षा आणि बस, दोन वेळचे खाणे आणि थोडी खरेदी. चाळीतल्या एखाद्या बारशाच्या आहेरात जातात त्यापेक्षा फार जास्त पैसे लागले नाहीत. आम्ही सहा महिने एका डब्यात सुटे पैसे टाकत होतो. मुक्काम केला नाही म्हणून लॉजचा खर्च वाचला. गाडीचे तिकीट मात्र आधी काढावे. पाण्याची बाटली, शाल आणि औषधे बरोबर ठेवावीत. एक दिवस अधिक असेल तर मंडणगड तालुक्यातले बाबासाहेबांचे मूळगाव आंबडवे आणि दापोलीजवळचे माता रमाईंचे वणंद ही दोन्ही गावे याच जिल्ह्यात आहेत. ती रत्नागिरी शहरापासून दूर आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा, घाई करू नये.

आपल्यातली पुष्कळ जोडपी आयुष्यभर एका छपराखाली राहतात. पोरांच्या फीबद्दल, भाड्याबद्दल, औषधाबद्दल बोलतात आणि एकमेकांशी बोलायचे राहून जाते. वर्षातून एक दिवस दोघांनी बाहेर पडावे. रत्नागिरीच असे नाही, आपापल्या जिल्ह्याचे गाव, जिथे आजवर फक्त कागद घेऊन गेलो, तिथे एकदा रिकाम्या हाताने जावे. कचेरीच्या पायऱ्या आपण पुष्कळ चढलो आहोत. त्या शहराचा किल्ला, त्याचा इतिहास आणि त्याचा समुद्रही आपलाच आहे. तो बघायला कुणाचा दाखला लागत नाही.